भिंतीवरचा फोंटा

दमदम
३ ऑक्टोबर १९९८

श्री दुर्गा शरणम्

ती. दीदीस,
रोंटूचे शि. सा. न. वि. वि.

विजयादशमीचा प्रणाम घे. यंदा मी देवीच्या मांडवातसुद्धा गेलो नाही. गच्चीवरून ढाकाचा दणदणाट ऐकला आणि लाउडस्पीकरवाल्यांना चार शिव्या दिल्या, एवढीच माझी पूजा. तुझे नाडू, नारळाचे लाडू, पोचले. सुतपाने डबा उघडून माझ्या नाकाखाली धरला आणि झाकण लावून वर ठेवून दिला. तोंड आतून सगळं सोललंय. मऊ भात गार करून, मीठसुद्धा न घालता गिळतो. इलिश माशाचा मोसम असा कोरडा गेलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

खालच्या मजल्यावरचे भादुडीबाबू म्हणाले, तब्येत छान सुधारली, गाल वर आले. गोळ्यांनी थोबाड सुजलंय आणि खाली हातपायांच्या काड्या झाल्यात, हे त्यांना कोण सांगणार? कातडी ऑफिसातल्या जुन्या नकाशांच्या कापडासारखी ताठ झालीय. डॉक्टर म्हणतात, औषधांची उष्णता आहे, जाईल. तू जिवाला लावून घेऊ नकोस.

एक गंमत. फेब्रुवारीत वेल्लोरला तुझ्या कमरेच्या हाडातून काढून मला दिलेला मगज इतका मुरलाय की माझा रक्तगटच बदलला. आता मी तुझ्या गटाचा. परवा चिंच खावीशी वाटली आणि सुतपाशी कारण नसताना भांडलो. तिचं म्हणणं, आता संशयच उरला नाही, हे दीदींचंच रक्त!

भावोजींना नमस्कार, तुलीला मामाचा गालगुच्चा. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा
रोंटू


कृष्णनगर
१४ ऑक्टोबर १९९८

चि. रोंटूस अनेक आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. सासूबाईंचं काही व्रत निघालं होतं. नऊ दिवस घरात मासळी शिजली नाही, फोडणी पडली नाही, कुणी कुठे गेलं नाही. काल सगळ्यांच्या आंघोळी झाल्या आणि आज कुठे घर माणसात आलं. धाकट्या जावेचा मुलगा जरा अशक्त झालाय, एरवी सगळे ठीक.

माझ्या रक्ताला नावं ठेवतोस? दोन्ही कुल्ल्यांना सुया टोचून घेतल्या मी. अजून पावसाळी हवेत कमर धरते. सासूबाई म्हणाल्या होत्या की माहेरच्यासाठी हाडं पोखरून घेणारी सून पहिलीच पाहिली. मी म्हटलं, भाऊही एकच आहे.

एकवीस तारखेला भाऊबीज, आपला भाईफोंटा. मी येणार. गेल्या वर्षी तू वेल्लोरला तपासण्या करत होतास, म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर तुझ्या नावाने चंदनाचा टिळा, फोंटा लावला. तो अजून तिथेच आहे, मी कुणाला पुसू दिलेला नाही. भिंतीला फोंटा लावताना माझ्या मनात काय काय येत होतं ते लिहिण्यासारखं नाही. यंदा तुझ्या कपाळालाच लावणार. फोंटा लावून यमाच्या दारात काटा घालायचा तर तो नीट, स्वतःच्या हाताने घालायचा. सरपुरिया आणते. तुला खाता आली नाही तर सुतपा खाईल, तिच्या जिभेला तरी काही गोड लागू दे.

तुझी
दीदी


दमदम
१६ ऑक्टोबर १९९८

ती. सौ. दीदींना,
सुतपाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र यांनी दोनदा वाचून दाखवलं, म्हणून मी घाईने लिहिते आहे. कृपा करून यंदा येऊ नका. यांना कोणाच्याही जवळ बसायला मनाई आहे. ताजी फुलं, दूर्वा, कच्चं दूध, गर्दीतून आलेली माणसं, लहान मुलं, काहीही नको असं बजावलेलं आहे. मीसुद्धा शाळेतून आल्यावर आधी आंघोळ करते आणि मगच खोलीत जाते. गेल्या वर्षीसारखा भिंतीवर फोंटा लावा. देवाला भिंत आणि कपाळ सारखंच.

तुमची माया मला कळत नाही असं नाही. पण सुरी सोन्याची असली तरी कुणी उरात खुपसून घेत नाही. राग मानू नये. यांना हे पत्र दाखवलेलं नाही.

आपली
सुतपा


कृष्णनगर
१८ ऑक्टोबर १९९८

सौ. सुतपास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सुरीचा दाखला वाचला. गरज सरो नि वैद्य मरो, ही म्हण मी मुलांच्या पुस्तकात वाचली होती, आज घरात पाहिली. फेब्रुवारीत वेल्लोरच्या लॉजमध्ये माझे पाय दाबताना हीच सुतपा म्हणाली होती की दीदी, तुम्ही माझं कुंकू राखलंत. आठ महिन्यांत मी गर्दीतून आलेलं माणूस झाले!

त्याच्या अंगात वाहतंय ते रक्त माझं. माझ्याच रक्तापासून त्याला काय व्हायचंय? आणि येऊ नको तर का, ते तरी धड लिही. औषधांच्या उष्णतेला बहिणीचं बोट बाधतं हे मी कुठे ऐकलेलं नाही.

बुधवारी सकाळच्या गाडीने येते. दार उघडायचं नसेल तर जिन्यात बसेन.

शेफाली


दमदम
२२ ऑक्टोबर १९९८

श्री दुर्गा शरणम्

ती. दीदीस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू गेलीस आणि घर पुन्हा दवाखाना झालं. सुतपा कालपासून माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. गोळी, पाणी, थर्मामीटर. तू तिला जिन्यात बसायची धमकी दिली होतीस हे मला रात्री कळलं आणि हसून हसून ओठ फुटला. तिचा राग मनावर घेऊ नकोस. माझ्यासाठी ती वेडी झालीय, आणि दोन वेड्या बायका एका खोलीत मावत नाहीत.

पण दीदी, बरं केलंस आलीस. डाव्या हाताची करंगळी कपाळाला लागली तेव्हा मी सहा वर्षांचा झालो. किती महिन्यांनी मला कुणीतरी रबरी हातमोज्याशिवाय शिवलं. डोळ्यांत पाणी आलं ते चंदन गेलं म्हणून नाही, हे तुला कळलंच असेल. तुलीने माझ्या मांडीवर बसून जुन्या नकाशावर जलंगी नदीत एक मगर काढली. मी ती खोडणार नाही. गाडीच्या दगदगीने पोर मलूल वाटली, अंगही कोमट लागलं. कानामागे काहीतरी चावलंय तिला, फोडात पाणी भरलंय. त्याला चुना लावू नकोस, तुझे ते जुने उपाय पुरे कर.

सहा वर्षांचा झालो म्हटलं, पण खरं तर त्याहून लहान. वेल्लोरचे डॉक्टर म्हणाले होते की जुनं रक्त गेलं त्याबरोबर त्याची सगळी आठवणही गेली. लहानपणी काय काय आजार येऊन गेले, काय टोचलं, सगळं पुसलं गेलं. मी आता तान्हा! पोलिओचा डोससुद्धा पुन्हा घ्यायचा. तेव्हा पुढच्या खेपेला मला कडेवर घेण्याची तयारी ठेव.

पोचल्याचं पत्र लगेच टाक. लोभ होताच, काल त्याला व्याज लागलं.

तुझा
रोंटू


दमदम
३१ ऑक्टोबर १९९८

ती. दीदीस, सा. न.

नऊ दिवस झाले, पत्र नाही. जगद्धात्रीची पूजाही होऊन गेली. तुमच्याकडची मिरवणूक पाहून आलेले ऑफिसातले लोक जिन्यातूनच म्हणाले की यंदा फार गर्दी होती. तू सुतपावर रागावली आहेस का? की माझ्यावर? पोरगी बरी आहे ना? दोन ओळी लिही. मला इथे दुसरा उद्योग नाही, मी पोस्टमनच्या सायकलीची घंटा मोजतो.

रोंटू


कृष्णनगर
२ नोव्हेंबर १९९८

चि. रोंटूस अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. मी कशाला रागावू? घरात पुन्हा सासूबाईंचे नेम सुरू झाले होते, नऊ दिवस मासळी नाही, बाहेर जाणं नाही, लिहिणं नाही. परवा सगळ्यांच्या आंघोळी झाल्या. तुली जरा आजारी होती, आता भात मागते आहे. केस विंचरायला दिले तिने आज.

तुझं कसं आहे? ताप वगैरे नाही ना? अंगावर काही उठलं तर लगेच डॉक्टरला दाखव. मला स्वप्न पडलं म्हणून लिहिते, दुसरं काही नाही. सुतपाला सांग, मी तिच्यावर रागावलेली नाही. लगेच उत्तर पाठव, अगदी लगेच.

तुझी
दीदी


दमदम
८ नोव्हेंबर १९९८

ती. दीदींना सा. न.

गुरुवारी पहाटे यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. माणूस गुडघे छातीशी घेऊन ओरडत होता. हॉस्पिटलात दाखल केलं. तीन दिवस कुणाला काही उमगेना. आतड्यांचं म्हणाले, स्वादुपिंडाचं म्हणाले. आज सकाळी छातीवर आणि पाठीवर पाण्याचे फोड आले, तेव्हा डॉक्टरांना उलगडा झाला. या कांजिण्या आहेत, आणि बाहेर दिसण्याआधी त्या आत यकृतात पसरल्या आहेत. शिरेतून औषध चालू केलंय.

डॉक्टरांनी मला विचारलं की गेल्या तीन आठवड्यांत कांजिण्यांचं कुणी घरी आलं होतं का. मी शपथेवर सांगितलं की नाही. मग बाहेर बाकावर येऊन बसले आणि तुमचं परवाचं पत्र पर्समधून काढून पुन्हा वाचलं. नऊ दिवस मासळी नाही, मग आंघोळ. पूजेनंतरच्या पत्रातही हेच होतं. मी बंगालीच आहे, दीदी. मला एवढं समजायला हवं होतं.

एका ओळीत उत्तर द्या. तुलीला काय झालं होतं?

सुतपा


कृष्णनगर
११ नोव्हेंबर १९९८

सौ. सुतपास,

हो, तेच. आईची दया झाली होती. आधी जावेच्या मुलाला. त्याचं स्नान झालं, घर शुद्ध झालं, मग मी निघाले. तुलीचं दमदमला मला काही दिसलं नाही, देवीची शपथ. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं अंग फुलून आलं.

आमच्याकडे असं असताना नाव काढत नाहीत, डॉक्टर आणत नाहीत, घरातला शब्द बाहेर जाऊ देत नाहीत. सासूबाई उंबऱ्यात बसून होत्या. म्हणाल्या, वाच्यता झाली तर आई कोपते, पोरीचे डोळे घेते. त्यांच्या नणंदेचे असेच गेले म्हणे.

आणि मी निर्धास्त होते गं. रोंटू पाच वर्षांचा असताना आम्हा दोघांना एकाच चटईवर आल्या होत्या. मीच त्याला कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत होते. एकदा आई येऊन गेली की त्या देहात पुन्हा येत नाही, हे कुणालाही विचार. मला काय ठाऊक असणार?

मी उद्या निघते. मला लांबून तरी पाहू दे.

शेफाली


दमदम
२७ नोव्हेंबर १९९८

शेफालीदी,

नमस्काराची अक्षरं हातून उमटत नाहीत, म्हणून तशीच सुरुवात करते. श्राद्ध झालं. काचेपलीकडून तुम्ही जेवढं पाहिलंत तेवढंच मीही पाहिलं. शेवटच्या दिवशी डोळे पिवळे होते, कुणाची ओळख नव्हती. शांखा, माझ्या शंखाच्या बांगड्या, फोडताना भादुडीबाईंनी माझा हात धरला, तेव्हा मला फक्त एवढंच वाटलं की आता शाळेतून आल्यावर आंघोळीची घाई नाही.

तुम्ही बाहेर सगळ्यांना सांगत होता की माझं रक्त असून भाऊ वाचला नाही. तर आता ऐका. औषधांची उष्णता वगैरे काही नव्हतं. तुमचा मगज यांच्या हाडात रुजला, पण यांचं शरीर त्याला परकं वाटलं. जूनपासून तुमच्याच रक्ताच्या पेशी यांची कातडी, तोंड, आतडी, यकृत कुरतडत होत्या. असं होतं कधीकधी, सख्ख्या भावंडांतही होतं. ते थोपवायला गोळ्या द्यायच्या, आणि त्या गोळ्यांनी अंगातले राखणदारही झोपवायचे. मग दारातून आलेल्या कुठल्याही विषाणूला रान मोकळं. म्हणून दूर्वा नको होत्या. म्हणून लहान मूल नको होतं. तुम्ही पत्रात विचारलं होतंत ना, माझ्याच रक्तापासून त्याला काय व्हायचंय? मी ते वाचून खोलीत गेले आणि यांना म्हटलं की आता तरी दीदींना खरं सांगू या. यांनी माझ्याकडून देवीसमोर वचन घेतलं. म्हणाले, दीदीला कळलं की तिचंच रक्त मला खातंय, तर ती जगणार नाही.

म्हणजे यांनी तुम्हाला जपलं. आणि तुम्ही सासूबाईंना.

डॉक्टर म्हणाले, जवळ आलेल्या मुलाला कांजिण्या निघाल्या एवढं चार दिवसांत कळलं असतं तर त्यावर इंजेक्शन होतं, गोळ्या होत्या. चार दिवस. कृष्णनगरच्या चौकात एसटीडी बूथ आहे ना?

यापुढे पत्र पाठवू नका.

सुतपा


दमदम
२४ ऑक्टोबर १९९९

ती. दीदींना सा. न. वि. वि.

विजयेचा नमस्कार. वर्षभर तुमची पत्रं आली नाहीत, कारण मीच मनाई केली होती. यंदा पूजेच्या सुट्टीत यांचं टेबल आवरलं. जलंगी नदीत मगर असलेला तो नकाशा सापडला. मी तो फाडायला घेतला आणि फाडला नाही.

शाळेत गेल्या महिन्यात एका मुलीला कांजिण्या झाल्या. तिच्या आईने आठ दिवस सगळ्यांना मलेरिया सांगितला. मी चिडून तिच्या घरी गेले, आणि उंबऱ्यात कडुलिंबाची डहाळी आणि त्या बाईचा घाबरलेला चेहरा पाहून परत आले. तेव्हापासून मनात एकच घोळतंय. तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं. एकदा आली की पुन्हा येत नाही, हे माझी आईही मानते. जुनं सगळं पुसलं गेलंय हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं. तुम्हाला नव्हतं. मी वचन मोडून दोन ओळी लिहिल्या असत्या तर तुम्ही गाडीत बसलाच नसतात. निम्मा दोष माझा आहे, दीदी, आणि उरलेला अज्ञानाचा. माणसाला न कळलेल्या गोष्टीची शिक्षा किती द्यायची?

यांची तुम्हाला लिहिलेली पत्रं असतील तर मला वाचायला द्याल का? माझ्याकडे यांचं एकही पत्र नाही, आम्ही कधी वेगळे राहिलोच नाही. भाईफोंट्याला तुम्हीच या. तुलीलाही आणा.

तुमची
सुतपा


कृष्णनगर
३० ऑक्टोबर १९९९

सौ. सुतपास,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, पोरगी मोठ्या मनाची निघाली, जा. मी दोन दिवस जायची तयारी करत होते. तुलीचा फ्रॉकही इस्त्री केला. तिच्या डाव्या कानामागे एक खड्डा राहिला आहे, बाकी डाग गेले. डोळे चांगले आहेत. चष्मासुद्धा नाही.

पत्रं सोबत पाठवते आहे, सगळी. बावीस ऑक्टोबरचं शेवटी ठेवलंय. ते आधी वाचू नकोस, किंवा तेच आधी वाच, तुझी मर्जी. त्याने ते तुला दाखवलेलं नसणार. तुझ्यावरची थट्टा आहे त्यात.

ते पत्र मला शनिवारी दुपारी मिळालं, चोवीस तारखेला. भाईफोंट्याला तीनच दिवस झाले होते. तुली खोलीत कण्हत होती. मी दाराआड उभी राहून पत्र फोडलं. त्यात त्याने लिहिलं होतं की जुनं रक्त गेलं, त्याबरोबर लहानपणचं सगळं पुसलं गेलं, मी आता तान्हा. तुलीच्या कानामागचा फोडसुद्धा त्यानेच पाहिला होता, मी नाही. मी अडाणी असेन, पण इतकी नाही. दोन्ही वाक्यं एकाच पानावर होती. म्हणजे मला कळलं होतं, सुतपा. त्या शनिवारी दुपारी कळलं होतं.

चौकातला बूथ आमच्या दारातून दिसतो. भादुडीबाबूंचा नंबर मला पाठ होता. मी चप्पल घातली. तेवढ्यात तुलीने हाक मारली, आई, डोळे उघडत नाहीत. पापण्यांवर फोड आले होते. सासूबाई उंबऱ्यातून नुसत्या माझ्या पायांकडे पाहत होत्या. मी चप्पल काढली. पत्र देवीच्या घटाखाली सरकवलं आणि लेकीपाशी बसून कडुलिंबाने वारा घालायला लागले. मनाला सांगितलं की डॉक्टर काहीही बोलतात, त्याला काही व्हायचं नाही. पुढचे सात दिवस रोज हेच सांगत होते. मग अकरा नोव्हेंबरला तुला लिहिलं की मला काय ठाऊक असणार. ते खोटं होतं.

पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करेन, हे मी वर्षभर स्वतःला विचारते आहे. प्रत्येक वेळी तुली हाक मारते आणि मी चप्पल काढते. म्हणून माफी मागत नाही. पण तू अज्ञानाच्या नावाने जी देऊ केलीस, ती घेण्याइतकी मी अजून पडलेली नाही.

यंदा घराला चुना दिला. स्वयंपाकघराच्या दाराशेजारी वीतभर जागा मी सोडून द्यायला लावली. दोन वर्षांपूर्वीचा फोंटा तिथे आहे, चंदन वाळून पिवळं झालंय. जिवंत असलेल्या, पण लांब असलेल्या भावासाठी लावलेला. नियमाने तो आता पुसायला हवा. माझा हात त्याला लागत नाही.

सगळी पत्रं वाचून झाल्यावरही यावंसं वाटलं, तर ये आणि तुझ्या हाताने पूस.

शेफाली